लेख आणि प्रत : डी.एन.ए.विषयक मराठी परिभाषेची चिकित्सा

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री, काही घरी सहाव्या रात्री, सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र आढळते. वऱ्हाड तिला अपवाद नाही. पूजेच्या पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल तिच्यामुळेच पडली. हा लेख एकदाच लिहिला जातो, ज्याचा त्याला तो वाचता येत नाही आणि कोणालाही तो पुसता येत नाही. डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक अम्ल, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेले डी.एन.ए., याविषयी मराठीत जे सुबोध लेखन होत असते ते या लक्षणांशी ताडून पाहिले असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. पेशीत कोरलेले जन्मलिखित, जीवनाचा अटळ आराखडा, न बदलणारी लिपी, अशा धर्तीची वर्णने या लेखनात पदोपदी येतात. विज्ञानाने सटवाईला निरोप दिला असे मानले जाते. वस्तुतः तिचा पत्ता तेवढा बदललेला दिसतो. कपाळावरून ती पेशीकेंद्रकात राहावयास गेली आहे.

हा केवळ अलंकारांचा प्रश्न असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु विदर्भ हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा प्रदेश आहे. पूर्व विदर्भात त्याचे प्रमाण अधिक असले तरी पश्चिमेकडील जिल्हेही त्यापासून मुक्त नाहीत. येथे डी.एन.ए.विषयीचा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात थांबत नाही. तो तपासणीच्या चिठ्ठीवर येतो, चिठ्ठीवरून घरात येतो आणि घरातून सोयरिकीच्या बोलण्यात येतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात या शब्दांचा अर्थ काय लावला जातो यावर एखाद्या मुलीचे लग्न जमते किंवा मोडते. म्हणून या परिभाषेची चिकित्सा अवश्य ठरते.

लेखनाचे रूपक मराठीने निर्माण केलेले नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर याने १९४४ साली जीवनाच्या स्वरूपावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात गुणसूत्रांना संकेतलिपी म्हटले. त्याच वर्षी एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी जीवाणूंवरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे द्रव्य प्रथिन नसून डी.एन.ए. आहे असे दाखविले. रोझलिंड फ्रँकलिन हिच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार लाभून १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी त्याची दुपेडी रचना मांडली, आणि १९६१ साली निरेनबर्ग व मथाय यांनी त्या लिपीतील पहिला शब्द उलगडला. हरगोविंद खुराना यांना निरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच उलगड्याच्या पूर्ततेसाठी. म्हणजे अक्षर, शब्द, विराम, प्रतिलेखन, भाषांतर ही सारी शब्दयोजना शास्त्रज्ञांचीच आहे. मराठीने ती उचलली. रोमान याकोबसनसारख्या थोर भाषाशास्त्रज्ञालाही तिचा मोह पडला. फ्रांस्वा जाकोब या जीवशास्त्रज्ञाशी चर्चा करताना या दोन व्यवस्थांमधील साम्य हे निव्वळ उपमेपलीकडचे असावे असा त्याचा कल होता.

साम्य आहे, आणि ते थोडेथोडके नाही. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन ही डी.एन.ए.ची चार अक्षरे. त्यांना स्वतंत्र अर्थ नाही. तीन-तीन मिळून त्यांचे शब्द होतात. असे ६४ शब्द संभवतात. त्यांपैकी ६१ शब्द २० ॲमिनो अम्लांपैकी कोणत्या ना कोणत्या अम्लाचे निदर्शक असतात आणि उरलेले तीन पूर्णविरामाचे काम करतात. निरर्थक घटकांच्या जुळणीतून सार्थ घटक निर्माण व्हावेत, हे मानवी भाषेचे मूलभूत लक्षण म्हणून हॉकेटने सांगितले होते. ते येथे दिसते. दुसरे असे की, अमुक त्रयीला अमुकच अम्ल का, याला रासायनिक अपरिहार्यता फारशी नाही. त्रयी आणि अम्ल यांची प्रत्यक्ष गाठ पडतच नाही; मध्ये वाहक आर.एन.ए. नावाचा दुभाषी उभा असतो. सोस्यूरने शब्द व अर्थ यांच्या संबंधाला जे यादृच्छिकत्व दिले ते पेशीतही आहे, असे म्हणावयास हरकत नाही. किरकोळ अपवाद सोडले तर ही संकेतावली जीवाणूपासून वडापर्यंत आणि वडापासून माणसापर्यंत एकच आहे. पळसाला पाने तीनच ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला तिचा असा विनियोग सुचला नसता; पण याहून नेमके वर्णन मिळणे कठीण.

तथापि भाषा आणि लिपी या दोन वस्तू आहेत, आणि लिपी व गुप्तलिपी या आणखी दोन. महानुभावांनी आपल्या ग्रंथांसाठी सकळ लिपी योजिली. तिच्यात एका अक्षराऐवजी दुसरे चिन्ह ठरलेले असे. राजवाड्यांना तिची किल्ली सापडताच आतील मराठी जशीच्या तशी वाचता येऊ लागली. ती किल्ली म्हणजे मराठी भाषा नव्हे. डी.एन.ए.तील त्रयी व ॲमिनो अम्ले यांचे कोष्टक हे अशा किल्लीसारखे आहे. या अर्थाने आपण योजलेला शब्द काटेकोर नव्हता, खरा शब्द गूढाक्षरी असा हवा होता, हे क्रिकनेही पुढे आत्मकथनात मान्य केले. भाषेत कोणी तरी कोणाला तरी काही सांगत असते. सांगणाऱ्याला न सांगण्याची, वेगळे सांगण्याची, खोटेही सांगण्याची मोकळीक असते. पेशीत सांगणारा नाही आणि ऐकणाराही नाही. तेथे जी गोष्ट घडते ती मुख्यतः नकलेची.

या ठिकाणी वाशीमचाच एक लेख साक्षीला घेणे उपयुक्त होईल. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेले ताम्रपट १९३९ साली वाशीम येथेच सापडले आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी महाजन यांच्या साहाय्याने ते संपादिले. त्यांची भाषा मिश्र आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, दानाचा व्यवहारी तपशील प्राकृतात. हा खऱ्या अर्थाने लेख होय. त्याला कर्ता आहे, हेतू आहे, ज्यांनी तो पाळावयाचा ते अधिकारी आहेत. कुळाची प्रतिष्ठा कोणत्या भाषेत सांगावी आणि शेताबांधाची गोष्ट कोणत्या भाषेत, याची निवड आहे. राज्य गेले, आज्ञा निष्प्रभ झाली, तरी लेख वाचता येतो. कारण अर्थ भाषेत आहे आणि ती भाषा जाणणारे लोक अद्याप आहेत. डी.एन.ए.चा धागा पेशीबाहेर काढून परीक्षानळीत ठेवला तर तो निव्वळ एक अम्ल असतो. त्याला वाचणारी विकरे, त्याची नक्कल करणारी विकरे, त्यातील कोणते पान उघडावे व कोणते मिटून ठेवावे हे ठरविणारी प्रथिने, ही सगळी पेशीत असावी लागतात. आणि गंमत अशी की, त्या विकरांचे पाठही त्याच धाग्यात आहेत. वाचकाशिवाय ग्रंथ नाही आणि ग्रंथाशिवाय वाचक नाही. ताम्रपटाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

मात्र ताम्रपटाची एक बाजू डी.एन.ए.ला पुष्कळच लागू पडते. ती म्हणजे लेखकाची नव्हे, लेखनिकाची. मसुद्यावरून पत्र्यावर अक्षरे खोदणाऱ्याच्या हातून काना सुटतो, अक्षर गळते, ओळ दोनदा येते, आणि संपादक तळटीपांत ते दुरुस्त करीत बसतात. पोथ्यांच्या प्रतींचेही तेच. एका प्रतीतील चूक तिच्यावरून केलेल्या सर्व प्रतींत उतरते आणि त्या समान चुकांवरूनच कोणती प्रत कोणत्या कुळातील हे पाठचिकित्सक ओळखतो. डी.एन.ए.च्या अभ्यासक मंडळींनी जातिजातींचे व प्रजातींचे संबंध ठरविण्यासाठी जी पद्धत स्वीकारली ती तत्त्वतः हीच आहे. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावयाचा. भाषेतील बदल ही लेखनिकाची चूक नसते. वत्स मधील त्स चा प्राकृतात च्छ झाला तो एका शब्दापुरता नव्हे. वत्सरूपाचे वासरू झाले, मत्स्याचा मासा झाला, राजशेखराने जिचा उल्लेख केला ती वच्छोमी रीतीही वत्सगुल्माच्याच नावावरून आली, आणि वाशीमात पुढे ई असल्यामुळे स च्या जागी श आला. हे सर्व नियमाने, समाजाच्या समाजात घडते. डी.एन.ए.तील उत्परिवर्तन एका पेशीत, एका जागी, कोणत्याही नियमाविना होते. म्हणून डी.एन.ए.साठी मराठीला रूपक हवेच असेल तर ते भाषेचे नको, ललाटलेखाचे तर नकोच नको. ते पोथीच्या प्रतीचे असावे. प्रत ही कोणाची तरी नक्कल असते, ती चुकू शकते, तिला जोडीची दुसरी प्रत असू शकते, आणि ती कशी वाचली जाईल हे वाचणाऱ्यावर अवलंबून असते.

यातील प्रत्येक शब्द सिकलसेलच्या उदाहरणावर तपासून घेता येतो. रक्ताला लाली देणाऱ्या हीमोग्लोबिनात बीटा नावाची १४६ ॲमिनो अम्लांची साखळी असते. तिचा पाठ अकराव्या गुणसूत्रावर आहे. साखळीतील सहाव्या जागी ग-अ-ग अशी त्रयी असते. तिचा अर्थ ग्लुटामिक अम्ल. काहींच्या प्रतीत तेथे ग-थ-ग असे असते. तिचा अर्थ व्हॅलीन. पाठभेद एवढाच, एका अक्षराचा. हेच अक्षर न बदलता त्याच्या पुढचे बदलून ग-अ-अ झाले असते तर अर्थ तोच राहिला असता, कारण ते दोन शब्द समानार्थी आहेत. व्हॅलीन आल्यावर मात्र प्राणवायू सोडून दिलेल्या हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात, वाटोळी रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक वाहिन्यांत अडकते, लवकर फुटते. वेदनेचे झटके, रक्तक्षय, प्लीहेचा व हाडांचा बिघाड हे पुढचे परिणाम. पाउलिंग व त्याचे सहकारी यांनी १९४९ साली हा रेणूचा रोग आहे असे म्हटले आणि इंग्रॅमने १९५६-५७ मध्ये तो नेमका एका अम्लाचा फरक दाखवून दिला. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतील. मध्य भारतातील आढळाविषयी शुक्ल व सोळंकी यांचे टिपण १९५८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत्येक माणसाजवळ या पाठाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही सदोष असतील तरच आजार. एक सदोष व एक निर्दोष असेल तर माणूस सामान्यतः निरोगी असतो. अशा माणसाला मराठीत वाहक म्हणतात, आणि परिभाषेचा घोटाळा येथेच सर्वांत महाग पडतो. मराठीत डास हा हिवतापाचा वाहक असतो, दूषित पाणी पटकीचे वाहक असते. एस.टी.तील वाहक सोडला तर आरोग्याच्या संदर्भात हा शब्द रोग पसरविणाऱ्यासाठी रूढ आहे. मुलगी सिकलसेलची वाहक आहे असे ऐकणाऱ्याने तिच्या ताटातले अन्न टाळावे असा त्याचा अर्थ लावला, तर दोष ऐकणाऱ्याचा नाही, शब्दाचा आहे. (वर आलेल्या आर.एन.ए.लाही वाहकच म्हणतात, हा आणखी एक गोंधळ. पण तो परीक्षेच्या गुणांपुरता राहतो.) गावपातळीवर प्रथम जी विद्राव्यतेची चाचणी होते तिच्यात एक सदोष प्रत असलेला आणि दोन्ही सदोष असलेला हे दोघेही होकारार्थीच दिसतात, भेद कळावयास विद्युत्-संचरणाची किंवा तत्सम पुढची चाचणी लागते. ती होईपर्यंत त्या दोघांना एकच शब्द मिळतो: पॉझिटिव्ह. या इंग्रजी शब्दाने मराठीत काय कमाई केली आहे ते सांगावयास नको.

त्यावर आपल्या म्हणींचे संस्कार आहेतच. खाण तशी माती, ही म्हण आईकडे बोट दाखविते. बाप तसा बेटा, ही मुलग्यापुरती आणि बहुधा कौतुकाची. बीज पुरुषाचे व क्षेत्र स्त्रीचे हा जुना समज श्रेय बीजाला देतो आणि पीक बिघडले म्हणजे जमिनीला दोष देतो. सिकलसेलचा आजार जडण्यास बापाची प्रत आईच्या प्रतीइतकीच लागते. उभयता एक-एक सदोष प्रत बाळगणारे असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी आजाराची शक्यता चारांत एक. चार मुले झाली म्हणजे त्यांतील एक आजारी निघेल असा याचा अर्थ नव्हे. पहिले आजारी निघाले म्हणून उरलेली तीन सुटली असाही नव्हे. मराठीतील ‘चारांत एक’ हा प्रयोग मोजणीचाही आहे आणि शक्यतेचाही, हे येथे आडवे येते.

ललाटलेखाच्या कल्पनेला खरा छेद याच रोगात मिळतो. ग-थ-ग हा पाठ सर्वत्र एकच. पण त्याचा परिणाम सर्वत्र एक नाही. जन्मापूर्वी बाळाच्या रक्तात दुसरेच हीमोग्लोबिन असते, गर्भावस्थेचे. त्याचा पाठ त्याच गुणसूत्रावर जवळच असतो आणि जन्मानंतर काही महिन्यांत तो मिटविला जातो. म्हणूनच सिकलसेलचे मूल पहिले काही महिने ठीक दिसते. ज्यांच्यात ते पान पुरते मिटत नाही त्यांचा आजार पुष्कळदा सौम्य राहतो. भारतातील सिकलसेलग्रस्तांमध्ये ज्या आसमंत-खुणांसह हा पाठ आढळतो, ज्यांना अरब-भारतीय संच म्हणतात, त्यांच्याबरोबर हे गर्भावस्थेचे हीमोग्लोबिन तुलनेने जास्त असते. अर्थात तेवढ्यावरून येथील आजार क्षुल्लक म्हणणे चूक होईल. विदर्भातील कित्येक घरांना तो तसा भेटलेला नाही. हायड्रॉक्सियूरिया हे औषध गर्भावस्थेच्या हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढविते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे जी जनुक-संपादनाची उपचारपद्धती मान्य झाली तीही चुकलेले अक्षर दुरुस्त करीत नाही. जे प्रथिन ते पान मिटून ठेवते त्याचाच बंदोबस्त करून ते पुन्हा उघडते. तिची किंमत येथील सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, हे खरे. पण परिभाषेच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. चूक तशीच राहिली आणि अर्थ बदलला. सटवाईच्या लेखाला हे सोसणारे नव्हते.

आता गुणसूत्र या शब्दाकडे वळणे प्राप्त आहे. युरोपीय शब्दाचा अर्थ रंग घेणारा पिंड एवढाच. सूक्ष्मदर्शकाखाली तो रंगद्रव्य शोषून घेतो म्हणून ते नाव पडले. त्याचे प्रामाणिक मराठी रूप रंगसूत्र असे होते व तेही काही काळ वापरात होते. गुणसूत्र या नावाने मात्र वस्तूचे वर्णन सोडून तिच्याविषयीचा सिद्धांत सांगितला, आणि तोही ‘गुण’ या शब्दाने, ज्याला मराठीत लक्षण, सद्गुण, परीक्षेतील अंक आणि ज्योतिषातील छत्तीस गुण असे अनेक अर्थ आहेत. विवाहापूर्वी रक्ततपासणी करावी असे सांगितले असता पत्रिकेचे गुण आणि गुणसूत्रे ही एकाच पंगतीत बसतात ती त्यामुळे. जनुक हा शब्द त्या मानाने भाग्यवान म्हणावा लागेल. योहान्सेनने १९०९ साली रूढ केलेला जीन हा शब्द आणि संस्कृत जन् हा धातू हे एकाच इंडो-युरोपीय मूळ धातूचे वारस आहेत. मराठी शब्द भाषांतर असूनही त्याचा भाऊबंद आहे, आणि जन्मण्यापलीकडे तो कसलाही दावा करीत नाही.

आनुवंशिकतेविषयीच्या मराठी शब्दांत दाव्यांचा धोका काय असतो, हे ‘रक्तातच आहे’ या वाक्प्रचाराने पूर्वी दाखविले आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला आणि १९५२ मध्ये या जमाती विमुक्त म्हणून जाहीर झाल्या. फासेपारध्यांच्या पालावर त्या शब्दाची छाया अजून पडते. त्या वाक्यात रक्ताच्या जागी आता डी.एन.ए. हा शब्द बसविण्याची जी प्रथा पडली आहे तिने वाक्य शास्त्रीय होत नाही, जुनेच राहते. सिकलसेल दलित व आदिवासी समाजांत अधिक आढळतो, एवढे ऐकून त्याला जातीची खूण मानणारे आहेत. तो जातीची खूण नाही, हिवतापाची आहे. एक सदोष प्रत असणाऱ्या मुलांना मारक हिवतापापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसनने १९५४ साली आफ्रिकेत दाखविले. जेथे डास होते तेथे ही चूक टिकली, आणि जातीतल्या जातीत लग्ने होत गेल्याने ती वर्तुळावर्तुळात साठत गेली. हा इतिहास जंगलांचा व विवाहांचा आहे, कुळाच्या हीनतेचा नव्हे.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, आणि तपासणीच्या चिठ्ठ्या घरोघरी जाऊ लागल्या. त्यांवरील वाहक हा शब्द बदलावा. एकप्रतधारक हा शब्द त्या जागी चालण्यासारखा आहे; धारक हा शब्द शिधापत्रिकेपासून खातेदारापर्यंत निरुपद्रवी अर्थाने सर्वांना परिचित आहे, आणि एक प्रत म्हटले की दुसरीही आहे हे आपोआप सूचित होते. चिठ्ठीवर निदानापूर्वी पॉझिटिव्ह असे न लिहिता ‘पुढची तपासणी बाकी आहे’ असे लिहावे, आणि नंतर, ‘तुमच्याजवळ या पाठाच्या दोन प्रती आहेत, एकीत एका अक्षराची चूक आहे, तुम्ही आजारी नाही व तुमच्यामुळे कोणाला लागण होत नाही, तुमच्या जोडीदाराची तपासणी करून घ्यावी’ अशी चार वाक्ये. मानोरा तालुक्यातील तांड्यांवर ही चिठ्ठी गोरमाटी बोलणाऱ्या घरांत वाचली जाईल, आणि तेथे प्रत हा शब्द कितपत पोचेल याची शंकाच आहे. त्या बोलीतला शब्द तिच्या बोलणाऱ्यांकडूनच घ्यावा लागेल. तो अद्याप कोणी विचारलेला दिसत नाही.